खाऱ्या वाळूत मशीन शांत करताना

कोल्हापुरातून समुद्र गाठायचा म्हणजे घाट उतरणं आलंच. आंबा घाटाने रत्नागिरी-गणपतीपुळे, करूळने देवगड-मालवण, आंबोलीने वेंगुर्ला. किनाऱ्यावर हाताशी येणारी ओहोटी जेमतेम चार तासांची, त्यामुळे मेटल डिटेक्टर, म्हणजे वाळूत हरवलेले दागिने शोधायचं मशीन, घेऊन जाताना जे घरी शिकता येतं ते घरीच शिकून मी निघतो.

शेतात किंवा पंचगंगेच्या काठावर सुरळीत चालणारं मशीन ओल्या खाऱ्या वाळूत अखंड कुरकुरतं. ते बिघडलेलं नसतं. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात आणि असं पाणी वीज वाहून नेतं. दांड्याच्या टोकाला असलेल्या गोल कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राला ओली वाळू हाच एक पसरट, कमकुवत वाहक वाटतो. त्यातही अडचण अशी की मिठाचा हा प्रतिसाद नेमका बारीक सोन्याच्या पट्ट्यातच पडतो. मीठ पूर्ण गाळून टाकलं तर चमकी आणि पातळ साखळीही त्याच्याबरोबर गाळली जाते.

एकाच फ्रिक्वेन्सीच्या व्हीएलएफ (अतिकमी फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या) मशीनवर हा तिढा नीट सुटत नाही. ते कोरड्या वाळूपुरतं ठेवावं. विजेचे छोटे झटके सोडणारं पल्स इंडक्शन मशीन मीठ आणि काळी वाळू दोन्ही सहन करतं, खोलही जातं, पण धातूंमध्ये फरक करत नाही. मग प्रत्येक खिळा उकरावा लागतो. मी वापरतो ते मल्टी-फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं, मायनलॅब इक्विनॉक्स ८००. पुढचे आकडे त्याचे आहेत, पद्धत मात्र या जातीच्या कुठल्याही मशीनला लागू पडते.

घरचा सराव असा. धातूची कडी-हँडल नसलेला मोठा प्लास्टिकचा टब घ्यायचा आणि वाळूने भरायचा. दहा लिटर पाण्यात ३५० ग्रॅम मीठ विरघळवून वाळू भिजेपर्यंत ते ओतायचं. अंगठीला जाड दोरा बांधून ती १०, १५ आणि २० सेंटिमीटरवर पुरायची. टबातली खोली किनाऱ्याला लागू होत नाही, कारण तिथे सगळीकडूनच मीठ असतं. पण मिठाची घरघर कशी येते आणि तिच्यातून अंगठीचा गोल, दोन्ही बाजूंनी सारखा सूर कसा वर येतो, हे कानात बसतं. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, हातात घेतो ती अंगठी बहुधा २२ कॅरेटची, म्हणजे ९१.६ टक्के सोनं. १४ किंवा १८ कॅरेटच्या मिश्रणापेक्षा ती वीज चांगली वाहते, म्हणून मशीन पडद्यावर धातू ओळखायला जो आकडा दाखवतं, तो तिच्यासाठी परदेशी तक्त्यांतल्या आकड्यांपेक्षा वर येतो. आपले दागिने आपणच मोजून वहीत लिहावेत.

वाळू उकरून गाळायचा स्कूप मी कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागात करून घेतला: ३०४ स्टीलचा २ मिलिमीटर पत्रा, ८ मिलिमीटरची भोकं, आर्गन वेल्डिंग, पायाने दाबायला मागे पट्टी. बाहेरच्या स्कूपना १२ मिलिमीटरपर्यंत भोकं असतात. वाळू त्यातून भराभर गळते, पण बारीक कानातलंही गळतं. आठची भोकं थोडी हळू चालतात, ते मला चालतं.

दिवस ठरवताना कोकणातला जुना हिशेब उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. हा अंदाज झाला, नेमक्या वेळेसाठी बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी सर्वांत लांब मागे सरतं, अष्टमीच्या आसपास भांगात फारसं हलत नाही. म्हणून अंगठी हरवलेल्या माणसाला ‘कुठे’ याच्याइतकंच ‘किती वाजता, पाणी कुठवर होतं’ हे विचारावं लागतं. उधाणाच्या ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात पडलेली वस्तू गाठायची तर पुढच्या एक-दोन ओहोट्याच हातात असतात. त्या चुकल्या की पंधरा दिवस थांबावं लागतं आणि तोवर वाळूचा थर बदलतो.

ओहोटीच्या दोन तास आधी पाण्याच्या कडेला पोहोचायचं. फोन बंद करून पिशवीत. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली हवी, सैल वायर हलली की खोटे सूर येतात. बीच १ मोड निवडून कॉइल स्थिर धरायची आणि नॉइज कॅन्सल करायचा, म्हणजे आसपासच्या विजेचा गोंगाट मशीन टाळतं. मग ओल्या वाळूवर कॉइल वरखाली करत ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीनला तिथल्या जमिनीशी जुळवून घेणं. हा बॅलन्स कोरड्या वाळूवर केला तर पुढे दहा पावलांवर तो निरुपयोगी ठरतो. लाटांत उतरताना बीच २.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. सेन्सिटिव्हिटी (मशीन किती बारीक सूर पकडेल ती पातळी) मुळात २० वर येते, ती ओल्या वाळूत १८ करा, तरी कुरकुर असेल तर १६. हात धजावत नाही, खोली कमी होईल असं वाटतं. प्रत्यक्षात गोंगाटात २० वर असलेल्या मशीनचा खोलातला सूर कान पकडतच नाही, १६ वर शांत झालेल्या मशीनचा पकडतो. आपल्या किनाऱ्यावर हे जास्तच खरं आहे, कारण रत्नागिरीच्या मिऱ्या, काळबादेवी भागात वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटची काळी खनिजं आहेत. मीठ वाहक, काळी वाळू चुंबकीय, दोन्हींचा त्रास एकदम. कॉइल जमिनीपासून सारख्या उंचीवर राहिली पाहिजे. झुलवताना टोकाला उचलली की लगेच खोटा सूर. चालायचं पाण्याच्या कडेला समांतर. कोरड्यातून ओल्यात आडवं गेलं की ओलावा पावलागणिक बदलतो आणि मशीनला दर वेळी नवी जमीन भेटते.

दहा बाय दहा मीटरचा तुकडा दोरीने आखायचा, दीड-दीड मीटरचे सात पट्टे पाडायचे. अकरा इंची कॉइल दर फेरीला अर्धीच पुढे सरकवायची, म्हणजे १४ सेंटिमीटर. अशा सुमारे पाचशे फेऱ्या होतात. एका फेरीला दोन सेकंद धरले तर उकरणं सोडून सतरा मिनिटं. घाईत पूर्ण कॉइलभर पुढे टाकलं की मधल्या खोल जागा सुटतात.

सूर आला की नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवा. शून्याखालचा आकडा लोखंडाचा. बाटलीचं बूच फसवतं: वरून गोड वाजतं, पण कॉइल हळूहळू मागे ओढली की कडेला लोखंडी खरखर फुटते. अंगठी कडेपर्यंत गुळगुळीत राहते. पातळ साखळीतली प्रत्येक कडी मशीनला वेगळी दिसते, म्हणून अख्खी साखळीही कधी फक्त फाशाएवढीच वाजते. एक आणि दोन रुपयांची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात आणि वेडेवाकडे आकडे देतात. चांदीची ॲल्युमिनियम फॉइलशी गल्लत होत नाही, सोन्याची होते, तेव्हा फॉइलचा आकडाही उकरावाच लागतो.

रापण ओढतात त्या पट्ट्यात जाळ्याच्या शिशाचे तुकडे सापडतात. त्याला कंटाळू नका. लाट वजनाप्रमाणे वस्तू निवडते. शिसं जिथे साठतं तिथे सोनंही थांबण्याची शक्यता जास्त.

उकरताना सुराच्या केंद्राच्या दहा-पंधरा सेंटिमीटर मागे स्कूप जवळपास उभा रोवायचा. तिरका मारला की वस्तू पुढे ढकलली जाते, कधी कापलीही जाते. काढलेल्या ढिगावर कॉइल फिरवायची, खड्ड्यावर पुन्हा फिरवायची, मगच पुढे. स्कूप कॉइलपासून मीटरभर लांब. खड्डा लगेच बुजवायचा, अंधारात तिथे कुणाचा पाय मुरगळू शकतो.

भरतीरेषेवरची कोरडी वाळू मी हिवाळा-उन्हाळ्यात सोडून देतो. वायंगणी, आंजर्ले, वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं तिथे अर्ध्या मीटरच्या आसपास खोल अंडी घालतात. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग ही संरक्षित स्मारकं आहेत, त्यांच्या परिसरात मशीन चालूच करायचं नाही. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. अलीकडे हरवलेला दागिना असेल तर मालक शोधायचा, नाहीतर पोलीस ठाण्यात जमा करायचा.

पाच लिटर गोड्या पाण्याचा कॅन गाडीत असतो. घाट चढायच्या आधीच मशीन धुतो, कारण घरी पोहोचेपर्यंत चार्जिंगच्या पिनांवर मीठ वाळतं आणि हिरवट गंज धरतो. कॉइलचं प्लास्टिक झाकण काढून आतली काळी वाळू धुवावी. ती तशीच राहिली तर पुढच्या वेळी मशीन विनाकारण कुरकुरतं आणि दोष मिठाला दिला जातो. हेडफोनच्या सॉकेटची टोपी पूर्ण वाळल्याशिवाय उघडायची नाही.