फक्त तारीख बदलायची होती

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला 42 व्हॉल्व्ह पॅकिंगसाठी रांगेत लागले होते, ट्रक गेटच्या आत आला होता आणि माझ्यासमोर टेस्ट रिपोर्टची चळत होती. पहिल्या पानावर सही करणार, तेवढ्यात हायड्रो टेस्टचा ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, गेजचं स्टिकर बघितलं का?"

बघितलं. गेजच्या कॅलिब्रेशनची मुदत 9 दिवसांपूर्वी संपली होती. आणि हे सगळे नग त्याच गेजवर, गेल्या पाच दिवसांत तपासलेले.

या कामाशी संबंध नसलेल्यांसाठी थोडं सांगते. व्हॉल्व्हमध्ये पाणी भरून त्याला सोसता येणाऱ्या कमाल दाबाच्या दीडपट दाब द्यायचा, ठरलेला वेळ तो तसाच ठेवायचा आणि कुठून पाणी पाझरतंय का ते बघायचं. दाब किती, ते गेज सांगतं. त्याच्या पोटात एक वाकवलेली पोकळ नळी असते. दाब वाढला की ती किंचित उलगडते आणि काटा फिरतो. हजारो वेळा हे झालं की नळी थकते. काटा जास्त दाखवू लागला, तर आपण समजत राहतो दीडपट आणि प्रत्यक्षात दाब असतो त्याहून कमी. म्हणून ठरावीक मुदतीनं गेज एका भरवशाच्या प्रमाणित गेजशी ताडून घ्यायचं असतं. आमचं ताडायचं राहून गेलं होतं. जबाबदारी माझीच होती.

साहेब आले, त्यांनी स्टिकर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "फक्त तारीख बदलायची आहे. टेस्टची तारीख दहा दिवस मागे घ्या. व्हॉल्व्ह तर चांगलेच आहेत ना?"

साहेब वाईट माणूस नाहीत, हे आधीच लिहून ठेवते. आई आजारी होती तेव्हा त्यांनी माझी शिफ्ट स्वतः सांभाळली होती. त्या संध्याकाळी त्यांच्या डोक्यात ट्रक होता, माल वेळेत जायला हवा हे होतं. लबाडी करायची म्हणून ते बोलत नव्हते. मला सगळ्यात अडचणीचं वाटतं ते हेच. आपल्याला चुकीच्या बाजूला नेणारं माणूस बहुतेक वेळा आपलंच असतं, आणि त्याचं कारणही रास्त असतं.

शिवाय हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. सहा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका ठिकाणी, असंच झालं होतं. तेव्हा मी तारीख बदलली होती. दोन रात्री झोप लागली नाही, तिसऱ्या रात्री लागली. माल गेला, तक्रार आली नाही, काहीच झालं नाही. आणि ते "काहीच झालं नाही" माझ्या मनात पुराव्यासारखं जाऊन बसलं. त्यानंतर कोणी मुदतीचा बाऊ केला की मी आतल्या आत म्हणायची, अगं, त्या वेळी काय झालं होतं?

सील, ओ-रिंग, गॅस्केट यांच्यातच माझं आयुष्य जातं, म्हणून चॅलेंजर या अमेरिकी अवकाशयानाची गोष्ट मी बहुतेकांपेक्षा जास्त वेळा वाचली आहे. यानाला ढकलणाऱ्या रॉकेटचे तुकडे जिथे जोडलेले असतात, तिथून आतला तापलेला वायू बाहेर येऊ नये म्हणून ओ-रिंग, म्हणजे फट बंद करणाऱ्या रबरी गोल कड्या, होत्या. आधीच्या काही उड्डाणांतून परत आलेल्या रॉकेटांत त्या झिजलेल्या दिसल्या होत्या. झिजायला नको होत्या. पण यान परत येत होतं, माणसं सुखरूप होती. हळूहळू ती झीज हिशेबातलीच मानली जाऊ लागली. रॉजर बॉयजॉली या इंजिनीयरनं जुलै 1985 मध्ये वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की हे असंच चाललं तर माणसं जातील.

27 जानेवारी 1986 च्या रात्री, उड्डाणाच्या आदल्या दिवशी, नासा आणि रॉकेट बनवणारी मॉर्टन थायोकोल कंपनी यांची फोनवर बैठक झाली. कडाक्याची थंडी होती. थंडीत रबर कडक होतं आणि दबून पुन्हा पटकन फुगत नाही. ओ-रिंग हातात धरणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. इंजिनीयर म्हणाले, सुमारे 12 अंश सेल्सियसच्या खाली उडवू नका. मग कंपनीच्या माणसांनी आपापसांत बोलायला वेळ मागून घेतला, आणि त्या वेळात एका वरिष्ठानं दुसऱ्याला सांगितलं की इंजिनीयरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. बैठक परत सुरू झाली तेव्हा कंपनीचं मत बदललं होतं. नासाला ते लेखी, सहीनिशी हवं होतं. कंपनीचे ॲलन मॅकडोनल्ड त्या वेळी उड्डाणाच्या जागी हजर होते. त्यांनी सही करायला नकार दिला. सही दुसऱ्या वरिष्ठानं केली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटलं आणि सातही जण गेले.

लोक या गोष्टीत बॉस आणि इंजिनीयर यांचं भांडण बघतात. मला त्यात माझं "काहीच झालं नाही" दिसतं. मी यान उडवत नाही. पण सवय तीच, तशीच लागते.

मॅकडोनल्ड यांच्याबद्दलही लोक अर्धंच सांगतात. त्यांनी चौकशी आयोगापुढे खरं सांगितलं, आणि कंपनीनं त्यांना बाजूला केलं. अमेरिकी संसदेतून दबाव आल्यावर त्यांना परत आणलं गेलं, आणि रॉकेटचा तो जोड नव्यानं बनवायच्या कामाची धुरा त्यांनी सांभाळली. नकार दिल्यावर ते निघून गेले नाहीत, त्याच जोडावर काम करत राहिले. मला हे नकाराहूनही मोठं वाटतं.

तर, शुक्रवार. मी साहेबांना म्हटलं, मला पंधरा मिनिटं द्या. त्या दिवशी मी केलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट बहुधा हीच. घाईचं काय होतं याचा एक प्रयोग आहे. 1973 साली छापून आलेला, जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांचा. धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन भाषण करायचं होतं. त्यांतल्या काहींचा विषयच होता, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसाची गोष्ट. वाटेत एक माणूस दारात कण्हत, खोकत बसवलेला. ज्यांना सांगितलं होतं की भरपूर वेळ आहे, त्यांच्यातले 63 टक्के थांबले. ज्यांना उशीर झालाय असं सांगितलं, त्यांच्यातले 10 टक्के. भाषणाचा विषय कुठला, यानं फारसा फरक पडला नाही. हे वाचल्यापासून मी स्वतःच्या चांगुलपणावर विसंबत नाही. आधी घड्याळाकडे बघते.

मागच्या जिन्यात जाऊन उभी राहिले आणि साहेबांचं वाक्य मनात पूर्ण करून म्हटलं. "तारीख मागे घेणे" म्हणजे काय? म्हणजे, ज्या दिवशी टेस्ट झाली नाही त्या दिवशी ती झाली, असं मी माझ्या नावानं लिहून देते. एवढं लांब वाक्य तोंडातून बाहेर पडेना. छोट्या शब्दांत बरंच काही लपतं. "ॲडजस्ट करू", "जुळवून घेऊ", "फॉरमॅलिटी आहे". तेव्हापासून माझा नेम आहे, असा शब्द आला की त्याचं अख्खं वाक्य करायचं आणि ते वाक्य कुणाच्या तोंडावर बोलता येईल का ते बघायचं.

मग डोळ्यासमोर आलं ते माणूस, जे हा रिपोर्ट वाचणार. ते आमच्याकडे येऊन गेज बघू शकत नाही. त्याच्या हातात फक्त कागद आहे. व्हॉल्व्ह बसवल्यावर त्याच्या बाजूला उभं राहणाऱ्या माणसाच्या हातात तर तोही नाही.

मी खाली आले आणि ग्राहकाकडच्या इन्स्पेक्टरना फोन लावला. जे होतं ते सांगितलं. गेज ताडायला पाठवते, आहे त्या स्थितीत, काही दुरुस्त न करता. काटा बरोबर निघाला तर झालेल्या टेस्ट ग्राह्य धरा, नाहीतर सगळे नग पुन्हा लावते. ते भडकले. त्यांचं काम अडकलं होतं, त्यांचं भडकणं बरोबर होतं. ट्रक रिकामा गेला. साहेब काही बोलले नाहीत, आणि पुढचे तीन आठवडे कामापलीकडे काहीच बोलले नाहीत.

गेज बरोबर निघालं. काटा मर्यादेच्या आत होता. म्हणजे तारीख मागे घेतली असती, तरी यावेळीही काहीच झालं नसतं.

त्या गोष्टीशी मी बरेच दिवस झुंजले. मग मी केलं काय? ग्राहकाला चार दिवस ताटकळत ठेवलं, साहेबांना दुखावलं, आणि पुढची ऑर्डर आली ती निम्मी. एका मैत्रिणीनं मला सरळ विचारलं, नुकसान कुणाचंच होणार नव्हतं तर खोटं कशात होतं? माझं उत्तर हळूहळू तयार झालं. रिपोर्ट व्हॉल्व्हबद्दल नसतो. आपल्याला व्हॉल्व्हबद्दल काय ठाऊक आहे, याबद्दल असतो. शुक्रवारी व्हॉल्व्ह चांगले होते, पण ते मला ठाऊक नव्हतं. मंगळवारी ठाऊक झालं. मधले चार दिवस मी जाणते असं लिहून देणं, हे खोटं. मैत्रिणीला हे पूर्ण पटलेलं नाही. तिचं म्हणणं, तू तत्त्वाची किंमत दुसऱ्यांना मोजायला लावलीस. त्यात तथ्य आहे. गेजची तारीख वेळेत बघितली असती, तर कुणालाच ती मोजावी लागली नसती.

आणि तो ऑपरेटर. त्यानं सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं नसतं, तर मी सही करून मोकळी झाले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनली मिलग्रम यांनी केलेले विजेच्या धक्क्यांचे प्रयोग अनेकांना माहीत असतात. दुसऱ्या माणसाला वाढत्या जोराचे धक्के द्यायला सांगितलं होतं; धक्के खरे नव्हते, पण देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. सांगणाऱ्याचं ऐकून 40 पैकी 26 जण शेवटच्या, सगळ्यात जोराच्या खटक्यापर्यंत गेले. पण त्यांच्याच एका प्रयोगात शेजारी बसवलेल्या दोघांनी मध्येच नकार दिला, आणि मग शेवटपर्यंत गेले 40 पैकी चारच. मला नकार द्यायला बळ आलं ते त्या पोराच्या एका प्रश्नातून. त्याच्या बढतीच्या कागदावर मी ही गोष्ट लिहिली. कशी लिहायची याचा कुठलाच रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिली.

घरी हे सगळं जास्त अवघड होतं. भाच्याला कॉलेजात दोन महिन्यांच्या इंटर्नशिपचं पत्र द्यायचं होतं. तो आमच्याकडे आला 23 दिवस, मग कावीळ झाली आणि अंथरुणाला खिळला. दादाचा फोन आला, "अगं, पोरगं आजारी होतं, लबाडी थोडीच केली त्यानं? दोन महिने लिही. तुझीच तर सही आहे." साहेबांना मी नाही म्हटलं होतं. दादाला नाही म्हणताना घसा कोरडा पडला. तो चुकीचं बोलत नव्हता. पोराचं वर्ष गेलं असतं तर ते अन्यायाचंच झालं असतं.

मी 23 दिवसच लिहिले. आजाराचं वेगळं पत्र कॉलेजच्या नावानं दिलं, उरलेले दिवस सुट्टीत भरून घ्यायची आमची तयारी आहे असं कळवलं, आणि तिथल्या सरांशी स्वतः बोलले. ते बघू म्हणाले. दादा अजून मोकळेपणानं बोलत नाही.

पत्रात मी भाच्याचं काम तपशिलानं लिहिलं होतं. गेज वाचणं, नोंदी ठेवणं, 17 व्हॉल्व्ह स्वतः टेस्टला लावणं. परवा तो पत्र घ्यायला आला. उभ्या उभ्या दोनदा वाचलं.

"आत्या, 17 नाही, 16," तो म्हणाला. "एक त्या ऑपरेटर दादांनी लावला होता. मी फक्त बघत होतो."

मी पत्र परत घेतलं, आकडा बदलून नवी प्रत काढली आणि त्या दिवशीची तारीख घालून सही केली.