बाबांना घेऊन ग्रीन रिव्हरवर: चार दिवस, 44 मैल

पहिल्या दिवशी कॅम्पवर पोचल्या पोचल्या आम्ही सगळे तंबूच्या मागे लागलेलो, पोरं वाळूत लोळत होती, आणि बाबा मात्र पाण्याच्या अगदी कडेला उकिडवे बसून एक वाळकी काडी रोवत होते, बरोब्बर जिथे पाणी संपतं आणि ओली वाळू सुरू होते तिथे. विचारलं काय चाललंय, तर म्हणाले, "अगं, सकाळी बघू की धरणवाल्यांनी किती सोडलं ते." सकाळी उठून बघतो तर काडी चांगली वीतभर पाण्यात. बाबांचा चेहरा असा खुलला ना, काय सांगू!

बाबा पाटबंधारे खात्यातले. आता खात्याला जलसंपदा म्हणतात पण आमच्या घरात अजून कोणी तसं म्हणत नाही. सगळी नोकरी सातारा-सांगलीकडच्या धरणांवर आणि कालव्यांवर गेली, आता 71 चे आहेत. आम्ही राहतो डेन्व्हरला. आई-बाबा दर दोन वर्षांनी येतात आणि दरवेळी आम्ही त्यांना गाडीत बसवून काचेतून अमेरिका दाखवतो, म्हणजे उतरा, फोटो काढा, परत बसा. यावेळी मी ठरवलंच होतं की एक तरी गोष्ट अशी करायची जिथे गाडी नाही, फोनला रेंज नाही आणि आपण सगळे एकत्र. नवरा आधी नाही म्हणाला, या वयात रॅफ्टिंग, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीतून (राफ्टमधून) नदी उतरायची? मग बाबांच्या डॉक्टरांना विचारलं, ट्रिप नेणाऱ्या लोकांना दोनदा फोन केला, मुलं 11 आणि 8 वर्षांची आहेत हे सांगितलं, आणि ऑगस्टमधल्या चार दिवसांच्या सहा सीट बुक केल्या.

जागा म्हणजे डायनोसॉर नॅशनल मॉन्युमेंट, कोलोरॅडो आणि युटाच्या सीमेवर. नावामुळे सगळे डायनोसॉरची हाडं बघायला जातात, 1915 साली मुळात तेवढ्यासाठीच ती 80 एकर जागा राखून ठेवली होती, पण 1938 मध्ये त्यात ग्रीन आणि यांपा या दोन नद्यांच्या कॅन्यन, म्हणजे नदीने कापलेल्या खोल दऱ्या, जोडल्या आणि खरी मजा तिथे आहे. डेन्व्हरहून व्हर्नल हे गाव सहा तास, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रिपवाल्यांच्या व्हॅनमधून धुळीच्या रस्त्याने ब्राउन्स पार्कला. सगळीकडे सेजब्रशची करडी झुडपं, उघडं माळरान, आणि समोर एकदम डोंगर उभा चिरलेला, जसं कोणी दार उघडं टाकलंय. हेच गेट्स ऑफ लोडोर. सपाट माळावरून संथ वाहणारी नदी त्या दारातून सरळ डोंगराच्या पोटात शिरते. आई म्हणाली, "बाई गं, ही तर कसारा घाटाच्या बोगद्यासारखी आत चालली." आत शिरलो आणि दोन्ही बाजूंना गडद लाल भिंती, गाइड म्हणाली हा दगड 70 कोटी वर्षांपेक्षा जुना आहे. सह्याद्रीचा आपला काळा दगड साडेसहा कोटींचा, म्हणजे यापुढे तो अगदीच लहान!

गाइड पोरगी पंचविशीची असेल, वल्ही मारून मारून दंड असे झालेले की धाकटी बघतच राहिली. तिने सुरुवातीलाच सांगितलं की आज पाणी सोळाशे सीएफएस आहे. बाबा लगेच, "म्हणजे क्युसेक. कुठल्या धरणाचं?" वर 45 मैलांवर फ्लेमिंग गॉर्ज धरण आहे, 1964 साली पूर्ण झालेलं, विजेच्या मागणीप्रमाणे विसर्ग कमीजास्त होतो म्हणून नदी दिवसभरात चढते उतरते. साठा किती? तिने एकर-फुटात सांगितला, बाबांनी तोंडी हिशोब करून मला सांगितलं, "165 टीएमसीच्या आसपास. आपली कोयना 105." कोयना धरणही 1964 च्याच सुमाराचं. तिथून पुढे चार दिवस ती पोरगी आणि बाबा यांचं जे जमलं ते जमलंच, इंग्रजी अडेल तिथे मोठा मध्ये भाषांतर करायचा.

रॅपिड्सबद्दल, म्हणजे नदी जिथे खडकांमधून उसळत धावते त्या जागांबद्दल, लिहायलाच हवं. 1869 मध्ये जॉन वेस्ली पॉवेल नावाचा एका हाताचा माणूस (दुसरा यादवी युद्धात गेला) नऊ जणांना घेऊन चार लाकडी होड्यांतून या नदीने उतरला, पुढे थेट ग्रँड कॅन्यनपर्यंत. त्यातली एक होडी इथेच खडकावर आपटून फुटली, म्हणून त्या जागेचं नाव डिझास्टर फॉल्स. वरचा फॉल आम्ही नीट उतरलो. खालच्यात आमचा राफ्ट एका खडकावर चढला आणि अडकला. पाणी मागून दाबतंय, एक बाजू उचलली जातेय, गाइड ओरडली "हाय साइड!" म्हणजे खडकाच्या बाजूला सगळ्यांनी झेपावायचं, मनाला वाटतं तिथून लांब पळावं पण जायचं खडकाकडेच. मी धाकटीचं जॅकेट मुठीत धरून तिला ओढलं, आई आणि बाबा आधीच तिकडे टेकलेले, आणि नवरा नि गाइड राफ्टवर उड्या मारून मारून तो सोडवत होते. पाच मिनिटं असतील, मला तास वाटला. सुटलो तेव्हा आईच्या तोंडून फक्त "गजानना" निघालं. पाणी धरणातून सोडलेलं म्हणून ऑगस्टच्या उन्हातही दात वाजतील इतकं गार, अंगावर आलं की श्वासच थांबतो.

आणखी एक गोष्ट, जी आईला सगळ्यात जड गेली. इथे कचरा तर सोडाच, शौचसुद्धा डब्यात करून बरोबर न्यावी लागते, आणि लघवी मात्र नदीत किंवा ओल्या वाळूत. आई म्हणाली, नदीत? शक्यच नाही. गाइडने समजावलं की वाळवंट आहे, पाऊस नाही, कॅम्पला जागा एवढुश्या आणि उन्हाळाभर रोज माणसं, कोरड्या वाळूत केलं तर काही दिवसांत उभं राहवणार नाही इतका वास मारेल. आईला ते पटलं, पण ती दरवेळी आधी नदीला हात जोडायची. गाइडने एकदा ते बघितलं आणि काही न बोलता टोपी काढून उभी राहिली. मला तेव्हा भरून आलं होतं, आत्ता लिहितानाही येतंय.

दुसऱ्या दिवशी ट्रिप्लेट फॉल्स आणि हेल्स हाफ माइल, दोन्हीकडे आधी काठावर उतरून, खडकांवर चढून वाट बघून घेतली, आई आणि धाकटीला सामानाच्या मोठ्या बोटीत बसवलं, आणि उतरलो. भिजलो, ओरडलो, पार झालो. दुपारनंतर भिंती एकदम मागे सरल्या आणि समोर स्टीमबोट रॉक, फिकट पिवळसर दगडाचा सरळसोट कडा, सातशे फुटांच्या वर, आणि नदी त्याला पूर्ण वळसा घालून जाते. हे एको पार्क. हाक मारली की कडा तीच हाक परत देतो, पोरांनी "आजोबा" म्हणून इतक्या हाका मारल्या की शेवटी आजोबांनीच थांबा म्हटलं.

इथेच यांपा येऊन मिळते. ग्रीनचं पाणी हिरवट, नितळ आणि गार, यांपाचं चहासारखं आणि कोमट. दोन्ही पाणी बराच वेळ मिसळत नाहीत, मध्ये स्पष्ट रेघ दिसते. मी राफ्टच्या कडेला हात सोडला होता तर रेघ ओलांडताना बोटांनाच कळलं. बाबा म्हणाले, "या दुसरीवर मोठं धरण नाही." बरोबर होतं, कोलोरॅडो नदीच्या सगळ्या खोऱ्यात मोठी म्हणावी अशी, जवळजवळ मोकळी वाहणारी यांपा ही शेवटचीच उपनदी. त्यांनी कसं ओळखलं? म्हणाले, गाळ बघ ना. ग्रीनचा गाळ वर धरणात बसतो, पूरही पूर्वीसारखे येत नाहीत, म्हणून काठावर झुडपं पार पाण्यापर्यंत आलेली. यांपाच्या तोंडाशी बघ, वाळू कशी मोकळी आहे.

रात्री जेवण झाल्यावर गाइडने गोष्ट सांगितली. 1950 च्या दशकात इथे, संगमाच्या थोडं खाली, पाचशे फुटांहून उंच धरण व्हायचं होतं. सगळं ठरलेलं होतं. लोक विरोधात उभे राहिले, त्यात सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेचा डेव्हिड ब्रॉवर 1954 मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे गेला आणि त्याने धरण खात्याचा बाष्पीभवनाचा हिशोबच चुकलाय हे दाखवून दिलं. खात्याचं म्हणणं होतं की एको पार्कऐवजी खाली कोलोरॅडो नदीवरचं ग्लेन कॅन्यनचं धरण उंच केलं तर फार पाणी उडून जाईल, आणि याने दाखवलं की तुमची वजाबाकी चुकली आहे, नववीच्या पोराला येतं तेवढंच गणित. 1956 च्या कायद्यातून एको पार्क वगळलं. ग्लेन कॅन्यन मात्र बुडालं आणि ब्रॉवरला त्याची हळहळ शेवटपर्यंत राहिली.

बाबा खूप वेळ काही बोलले नाहीत. मग कड्याकडे बोट करून म्हणाले, "पाणी कुठपर्यंत आलं असतं?" गाइडने टॉर्च मारून दाखवलं, प्रकाश वर वर जात राहिला, शेवटी दिसेनासा झाला. आणि मग बाबांनी जे सांगितलं ते मी या वयापर्यंत ऐकलं नव्हतं. त्यांचं आजोळ कोयनेच्या फुगवट्यात गेलं हे माहीत होतं, पण एवढंच. ते सात-आठ वर्षांचे असताना मामाने घराची दारं आणि वासे सोडवून बैलगाडीत घातले, उंबरा निघेना, दगडात बसलेला होता, म्हणून तो तिथेच राहिला, आणि आजी गाडीत बसायच्या आधी त्या दार नसलेल्या उंबऱ्यावर हळदकुंकू वाहून आली. आणि पुढे याच मुलाने जन्मभर धरणांवर काम केलं. मी विचारलं, बाबा, तुम्हाला कधी... तर म्हणाले, "अगं, पाणी हवंच होतं लोकांना. कोरडवाहू माणसाला विचार. पण हिशोब नीट करायला पाहिजे, सगळा. त्या माणसाने केला तसा." नंतर आम्ही सगळे वाळूत आडवे झालो. इथलं आकाश इतकं काळं की 2019 मध्ये त्याला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे, उल्का पडत होत्या, धाकटीने 14 मोजल्या आणि झोपली.

तिसऱ्या दिवशी संगमाखाली लगेच मिटन पार्क फॉल्ट, म्हणजे खडकांतला मोठा तडा, लागतो, तिथे दगडाचे आडवे थर साडीच्या निऱ्या धराव्यात तसे एकदम वर वळलेत. संध्याकाळी जोन्स होलला मुक्काम. तिथे झऱ्याचा ओढा येतो, काचेसारखा, ट्राउट मासे स्वच्छ दिसतात, वाटेत इथे फार पूर्वी राहणाऱ्या फ्रीमॉंट लोकांनी काढलेली लाल चित्रं आहेत. ओढ्याने दोनेक मैल वर चाललं की एक छोटा धबधबा आहे, आणि तिथली जुनी गंमत अशी की वरती ओढ्यात दोन-तीन जण फतकल मारून बसायचं, पाणी तुंबतं, आणि खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यावर एकदम सोडायचं. मोठा, धाकटी आणि त्यांचा बाप वर बसले. बाबा खाली उभे राहिले, शर्ट काढून, हात वर करून, आणि ओरडले, "दरवाजे उघडा!"

चौथा दिवस आयलंड पार्कच्या संथ पाण्यात आणि शेवटी स्प्लिट माउंटनमध्ये. इथे नदीला डोंगराला वळसा घालायला आजूबाजूला मोकळी जागा दिसते, तरी ती डोंगर मधोमध कापून जाते. एकामागून एक रॅपिड्स, आईने यावेळी पुढची सीट मागून घेतली. दुपारी दीडला रॅम्पवर उतरलो.

ज्यांना स्वतःच्या बोटीने जायचंय त्यांच्यासाठी: परमिटची लॉटरी 1 डिसेंबर ते 31 जानेवारी. आम्हाला पुढच्या वेळी यांपा करायची आहे. बाबांनी परतीच्या गाडीतच तारीख सांगून ठेवलीये, मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा, कारण वर साठवून ठेवलेलं फारसं काही नाही, बर्फ वितळेल तेवढंच पाणी, आणि ते तेव्हाच येणार.