टाचेतली नर्व्ह

परवाची केस अजून डोक्यातून जात नाहीये. कागलकडचे एक मामा, साठी ओलांडलेले शेतकरी, टाचेला गाठ. घरच्यांना वाटलं कुरूप आहे, वर्षभर ब्लेडनं कापलं, बिब्बा घातला, जखम भरेना तेव्हा लेक घेऊन आली कोल्हापूरला आणि सर्जननी तुकडा काढून आमच्या शाहूपुरीतल्या लॅबला पाठवला.

एच अँड ई स्लाइडवर, म्हणजे नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनवर, नुसत्या लांबुळक्या स्पिंडल पेशी, मध्ये भरपूर कोलॅजन, पिगमेंट कणभर नाही. पॅनेल लावलं, म्हणजे अँटीबॉडी लावून पेशींतली ठरावीक प्रथिनं शोधणारे स्टेन; प्रथिन असेल तिथं तपकिरी, नसेल तिथं निळं. त्वचेच्या आवरण-पेशी दाखवणारे सायटोकेरॅटिन, पी-४० निगेटिव्ह, मेलानोमाचे (त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशींच्या कॅन्सरचे) एचएमबी-४५ निगेटिव्ह, मेलन-ए निगेटिव्ह, एस-१०० पण निगेटिव्ह, स्नायूचा एसएमए मात्र मधूनमधून पॉझिटिव्ह. सरळ सार्कोमाच, म्हणजे मऊ ऊतींचा कॅन्सर, वाटत होता. सर्जनचे दोन फोन येऊन गेले, रिपोर्ट अर्धा टाइप झाला.

पण टाच! आपल्याकडे मेलानोमा बऱ्याचदा तळपायालाच सापडतो, आणि डेस्मोप्लास्टिक, म्हणजे कोलॅजननं भरलेल्या, मेलानोमात एचएमबी-४५ आणि मेलन-ए बहुतेक वेळा निगेटिव्हच येतात, वर एसएमए उमटून आणखी फसवतो, म्हणजे सगळी भिस्त एस-१०० वर. स्लाइड परत लावली आणि या वेळी ट्यूमर सोडून कडेला गेले. खाली घामाच्या ग्रंथी, त्यांच्याशेजारी एक बारकी नागमोडी नर्व्ह. ती तपकिरी दिसायलाच पाहिजे, एस-१०० नर्व्हला लागतोच लागतो. ती निळी होती. तोच स्टेन घेणाऱ्या ग्रंथीही निळ्या, वर एपिडर्मिसमधल्या (त्वचेच्या वरच्या थरातल्या) लँगरहान्स पेशीही कुठं दिसेनात. म्हणजे ट्यूमर निगेटिव्ह नव्हता, त्या स्लाइडवर स्टेनच झाला नव्हता.

कंट्रोल स्लाइड, म्हणजे नक्की पॉझिटिव्ह येणारा नमुना, झकास आली होती म्हणून रन पास धरला होता, पण कंट्रोलची काच वेगळी, पेशंटच्या काचेवर काय झालं ते तिला काय कळणार. टेक्निशियननं स्लाइड उजेडात तिरकी धरली तर अँटीबॉडीचा थेंब अडवून धरणारी पॅप पेनची रेघ एका कोपऱ्यात तुटलेली, अँटीबॉडी तिथून वाहून गेलेली. पोरगा पांढराफटक पडला. मी म्हटलं, अरे सही तर मी करणार होते.

दुसऱ्या दिवशी एस-१०० परत लावला, सोबत सॉक्स-१०, मेलानोमात येणारा दुसरा मार्कर. आधी नर्व्ह बघितली, गडद तपकिरी. मग ट्यूमर, सगळाच्या सगळा तपकिरी, आणि सॉक्स-१० प्रत्येक न्यूक्लियसमध्ये. नर्व्ह शीथ (नर्व्हच्या आवरणाच्या) ट्यूमरमध्येही हे दोन्ही येऊ शकतात म्हणून आणखी लेव्हल्स, म्हणजे तुकड्याचे आणखी खोलवरचे काप, कापायला सांगितल्या, तर एपिडर्मिसच्या तळाला थोडासा इन सिटू, म्हणजे अजून त्या थरातच असलेला, मेलानोमाचा भाग मिळाला. मेलानोमाच.

सर्जनना लगेच फोन केला, कारण आता मार्जिन, ब्रेस्लो थिकनेस (ट्यूमर त्वचेत किती खोल गेलाय), जांघेतल्या गाठी सगळंच वेगळ्या नजरेनं बघावं लागणार होतं. संध्याकाळी लेक रिपोर्टला आली. "मॅडम, कुरूप न्हवं न्हवं का हे?" तिला बसवलं, सगळं सांगितलं. बराच वेळ ती रिपोर्टच्या पाकिटाची कड दुमडत राहिली, मग म्हणाली, "मग ऑपरेशन कवा करायचं?"