मागच्या बाजूचा तुकडा

सकाळी साडेसातला फोन वाजला तेव्हा मी एका खुर्चीचे सांधे चिकटवून क्लॅम्प आवळत होते. दोन्ही हात चिकट, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून आधी नुसते हुंदकेच. मग ती म्हणाली, "ताई, टेबलाच्या आतून दुसरंच लाकूड निघालं."

माझ्या पोटात गोळा आला, कारण त्या टेबलाला घासायचं मशीन लाव असं मीच तिला सांगितलं होतं.

जुनं फर्निचर दुरुस्त करणं, कमी खर्चात त्याला पुन्हा वापरण्याजोगं आणि बघण्याजोगं करणं हे माझं रोजचं काम. घरातच, मागच्या खोलीत चालतं. ज्यांना माझ्याकडून करून घेणं परवडत नाही त्यांना मी फोनवर सांगते, तुम्हीच करा, असं असं करा. हिनं लेकीच्या अभ्यासासाठी सेकंडहँड टेबल घेतलं होतं. आठवड्यापूर्वी तिचा फोन आला, की वरचं पॉलिश काळवंडलंय, ओरखडे आहेत, काय करू? मी घाईत होते. म्हटलं, "आधी पॉलिश घासून काढ, प्राइमर मार, मग आवडेल तो रंग दे. टेबल मोठं असेल तर सँडिंगचं मशीन भाड्यानं आण." टेबल कशाचं आहे, कडा कशा दिसतात, पॉलिश कोणतं, यातलं एक अक्षर विचारलं नाही.

तासाभरात तिच्या घरी पोचले. खोलीभर भुकटी. मधोमध चार पायांवर उभं, तीन खणांचं, लिहिण्याचं सुंदर टेबल, आणि त्याच्या माथ्यावर तळहाताएवढा पांढरट डाग. डागाच्या कडेला तपकिरी रंग विरत विरत गेलेला, जसा पाण्याचा डाग वाळताना कडेला विरतो तसा. पण हा पुसून जाणारा नव्हता. ८० नंबरच्या, म्हणजे जाड दाण्याच्या सँडपेपरनं वरचं व्हिनिअर आरपार कापलं होतं.

व्हिनिअर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. साध्या, स्वस्त लाकडावर चांगल्या लाकडाचा असा पापुद्रा चिकटवतात. जुन्या कामात तो मिलिमीटरभर जाड सापडतो, कधी त्याहून जास्त. आजकालचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ. मशीनवर जाड दाण्याचा पेपर लावून एका जागी थोडं जरी थांबलं, तरी तो गेलाच म्हणून समजायचं. ओळखायला फार काही लागत नाही. वाकून कड बघायची. अखंड फळीत माथ्यावरच्या रेषा टोकाशी खाली वळून पुढे जाताना दिसतात. व्हिनिअर असेल तर कडेला केसासारखी बारीक रेघ दिसते आणि तिच्याखाली रेषा बदलतात. दुसरी खूण नक्षीची. माथ्यावरची लाकडाची नक्षी मधल्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना आरशात दिसावी तशी सारखी असेल, तर ते एकाच ओंडक्याचे लागोपाठचे पापुद्रे पुस्तकासारखे उघडून लावलेले असतात. या टेबलावर दोन्ही खुणा होत्या. फोनवर मी एवढंच विचारलं असतं, "कडेला रेघ दिसते का गं?", तर ती दोन मिनिटांत बघून सांगू शकली असती.

पुढचं कळलं तेव्हा आणखी वाईट वाटलं. बाटलीतून थोडं स्पिरिट कापसावर घेतलं आणि पायाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी दाबून धरलं. अर्ध्या मिनिटात कापूस चिकटायला लागला आणि उचलला तर मधासारखा पिवळा. म्हणजे लाखेचं पॉलिश. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं, कितीही जुनं असो. स्पिरिटनं काहीच झालं नसतं तर थिनर लावून बघायचं. त्यानं मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर पॉलियुरेथेन किंवा तेलाचं वॉर्निश, तिथे मग घासण्याला किंवा रिमूव्हरला पर्याय नाही. पण इथे घासायची मुळी गरजच नव्हती. एक बाटली स्पिरिट, जुन्या बनियनच्या चिंध्या आणि अगदी बारीक स्टीलवूल एवढ्यात काम झालं असतं. भाड्याचं मशीन, पेपर, दोन दिवसांची मेहनत, सगळं वाया, आणि वर हे नुकसान.

आणि एक गोष्ट मी तिला तिथेच सांगून टाकली. त्या टेबलावर जुना ऑइलपेंट असता तर मामला व्हिनिअरपुरता राहिला नसता. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. कोरडं घासलं की ती भुकटी घरभर बसते आणि लहान मुलांना शिशाचा धोका सगळ्यांत जास्त. रंग किती जुना आहे हे माहीत नसेल तर कोरडं घासूच नये. तपासून घ्यावा, नाहीतर ओला करून, मास्क लावून, मुलांना लांब ठेवून खरवडावा, आणि रंग घट्ट बसलेला असेल तर सरळ त्याच्यावरच नवा द्यावा. हेही मी फोनवर बोलले नव्हते. आपण वाचलो, एवढंच.

"आता सरळ रंगच देऊन टाकू या का?" तिनं विचारलं. हा मार्ग खरंच चांगला होता. डाग पुट्टीनं सपाट करायचा, माथ्याला रंग, पाय आणि खण लाकडाच्या रंगाचे ठेवायचे. सगळ्यांत स्वस्त, आणि मुलाच्या टेबलाला टिकाऊही. रंग म्हणजे लाकडाचा अपमान असं मानणाऱ्यांतली मी नाही. पण मी पायावर स्पिरिटचा बोळा फिरवला होता तिथे काळपट थराखालून अक्रोडाचं लाकूड वर आलं होतं, गडद रेघांचं, मऊ चकाकीचं. ती त्याच्याकडेच बघत होती. म्हणाली, "हे असं आहे हे मला माहीतच नव्हतं." मग मला रंगाचा डबा सुचवणं जड गेलं.

माथ्यावर सगळं नवं व्हिनिअर लावणं तिच्या बजेटबाहेरचं. छोटा तुकडा विकत आणला तरी जुन्या रेषांशी, जाडीशी जुळणं कठीण. मी टेबलाभोवती फिरून मागे गेले. हे टेबल खोलीच्या मधोमध ठेवण्यासाठी बनवलेलं होतं. मागची बाजूही तितकीच निगुतीनं, त्याच अक्रोडाच्या व्हिनिअरनं मढवलेली. आणि आता ते भिंतीला लागणार होतं.

"मागचं पुढे आणू या," मी म्हटलं.

जुन्या फर्निचरमध्ये चिकटवायला बहुधा सरस असतो, जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला. उष्णता आणि ओल मिळाली की तो मऊ होतो. म्हणून जुनं काम न मोडता उकलता येतं, हा त्या कारागिरांनी पुढच्यांवर केलेला उपकारच. मागच्या बाजूला तळाशी हातभर लांब पट्टा आखला आणि कटरनं कडा कापून घेतल्या. तिथलं पॉलिश आधी स्पिरिटनं पुसलं, कारण लाखही गरमीनं वितळते आणि कापडाला धरते. मग स्पिरिटची बाटली बूच लावून बाल्कनीत, चिंध्याही बाहेर, खिडक्या सताड उघड्या, आणि लाकूड पूर्ण सुकेपर्यंत थांबलो. स्पिरिट आणि गरम इस्त्री एका खोलीत एका वेळी नको. त्यानंतर ओलं कापड घालून इस्त्री. दहा सेकंद टेकवायची, उचलायची. पंधरा-वीस वेळा केल्यावर ओल्या चामड्याचा वास सुटला. तो आला की समजायचं, सरस जागा झाला. पुट्टी लावायची पातळ पात कडेतून आत सरकवली, पुन्हा इस्त्री, पुन्हा पात. तो हातभर पट्टा अखंड सुटायला पाऊण तास लागला. मध्ये एकदा टोकाशी कट् असा आवाज झाला, तेव्हा तिनं माझा दंड धरला. बारीक चीर होती, पुढे कामाच्या भागात ती आलीच नाही.

पट्टा निघाला आणि खालचं लाकूड उघडं पडलं. त्याच्यावर एकमेकांना समांतर, अगदी बारीक ओरखडे, शेतातल्या तासांसारखे. ते झिजेचे नव्हते. व्हिनिअर बसवण्याआधी खालच्या लाकडावर दातेरी पात्याचा रंधा मारत, सरसाला धरायला जागा मिळावी म्हणून. कुणीतरी तो रंधा मारला, वर पापुद्रा चिकटवला, आणि नंतर त्या रेघा कुणाच्या नजरेला पडल्या नसणार. तिला दाखवल्या. तिनं बोट फिरवलं, काही बोलली नाही.

ओला पट्टा लगेच वापरायचा नसतो, सुकताना तो आकसतो. दोन सपाट फळ्यांमध्ये जुनी वर्तमानपत्रं घालून रात्रभर दाबून ठेवला. उरलेला दिवस दोघींनी मिळून टेबल स्पिरिटनं साफ केलं. माथा, पाय, खणांचे दर्शनी भाग. वीतभर जागा भिजवायची, मिनिटभर थांबायचं, रेषांच्या दिशेनं स्टीलवूल हलक्या हातानं फिरवायचं, स्वच्छ चिंधीनं टिपायचं. चिंधी काळी-पिवळी होत जाते, लाकूड उजळत जातं. सकाळी रडणारी बाई संध्याकाळी मला सांगत होती, "ताई, तुम्ही बसा, हा पाय माझा."

रात्री निघताना ५० ग्रॅम चपडा लाख, म्हणजे पातळ चकत्यांची लाख, २०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये पॉलिशसाठी भिजत घातली. सकाळपर्यंत विरघळते. एकदा बनवलेलं पॉलिश सहा महिन्यांच्या आत वापरून टाकावं. फार जुनं झालं की नीट सुकतच नाही, चिकट राहतं.

दुसऱ्या दिवशीचं मुख्य काम म्हणजे ठिगळ. ते चौकोनी कधी करू नये. लाकडाच्या रेषांना आडवी जाणारी सरळ कड डोळ्याला लगेच टोचते. होडीसारखा आकार घ्यायचा, दोन्ही टोकं निमुळती, रेषांच्या दिशेनं लांब. ट्रेसिंग पेपरवर डागाभोवतीच्या गडद रेघा उतरवल्या, तो कागद सुकलेल्या पट्ट्यावर सरकवत सरकवत, जिथे रेघा जुळल्या तिथे होडी आखली. डागाच्या कडेला व्हिनिअर झिजून पातळ झालं होतं, म्हणून ते पूर्ण जाडीचं लागेपर्यंत माथ्यावर होडी मोठी कापावी लागली. नव्या धारेचं कटर, हलक्या हाताचे चार-पाच घाव, आतलं पटाशीनं काढलं. खालचं लाकूड सुदैवानं फारसं खोल गेलं नव्हतं. तुकडा गोंदानं बसवला, वर प्लास्टिकचा कागद, त्याच्यावर फळी. माथ्याच्या मधोमध क्लॅम्प पोचत नाही, म्हणून फळीवर पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या ठेवल्या.

बादल्यांखाली होडी वाळत होती तोवर खण हातावेगळे केले. अडकत होते, त्यांच्या सरकपट्ट्यांवर मेणबत्ती घासली. मुठींचे स्क्रू सैल, त्या भोकांत गोंद लावून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या. मुठींना चुंबक चिकटला नाही, वरचा सोनेरी रंग काढल्यावर पितळ निघालं. खणांत कोंदट वास होता, तिथे आतूनही लाखेचा एक हात. लाख वास अडवते. खणांत तेल मात्र लावू नये, बंद जागेत त्याचाच वास राहतो.

होडी हातानं, २४० नंबरच्या पेपरनं, रेषेच्या दिशेनं सपाट केली. मग पॉलिशचे सहा पातळ हात, प्रत्येकानंतर तासभर विश्रांती. लाखेचा नवा थर जुन्यात विरघळून एक होतो, म्हणून या पॉलिशवर चूक झाली तरी दुरुस्त करता येते. त्याची दुसरी बाजूही तिला सांगितली. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटणार, सांडलेलं पाणी लगेच पुसावं लागणार, वरून मेणाचा हात अधूनमधून द्यावा लागणार. ती म्हणाली, "चालेल."

जोड बोटाला लागत नव्हता, पण डोळ्याला दिसत होता. अक्रोडाचं लाकूड उजेडानं फिकट पडतं. माथा इतकी वर्षं उजेडात होता, मागची बाजू सावलीत, म्हणून होडी भोवतालच्या लाकडापेक्षा गडद होती. वर रंग चढवून ते लपवता येईना. टेबल खिडकीजवळच्या भिंतीला लावायला सांगितलं, फरक हळूहळू कमी होईल. तिला वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. त्या दोन दिवसांचे पैसे मी घेतले नाहीत. तिनं खूप आग्रह केला, पण तो सल्ला माझा होता.

लेक संध्याकाळी आली. दप्तर न उतरवताच टेबलाशी गेली, आणि सगळ्यात आधी तिला तीच दिसली. "आई, इथे होडी आहे!" तिनं होडीवर हात फिरवला, मग दोन्ही टोकांना एकेक बोट ठेवून ती कुठून आली म्हणून विचारलं. आईनं मागे बोट दाखवलं. पोरगी टेबल आणि भिंतीच्या मधल्या फटीत घुसली, तिथून मोबाइलचा टॉर्च मागितला, आणि बराच वेळ बाहेरच येईना. मी वाकून पाहिलं तर त्या उघड्या पट्ट्यावरच्या बारीक रेघा नखानं एकेक करून ती मोजत होती.