तुम्ही विचारलंत म्हणून: पेटी येत असेल तर पियानो सोपा जातो का?

नागपुरात पियानो शिकवणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला म्हणजे किती महिन्यांत येईल, आणि दुसरा, थेट आपल्या बोलीत, ‘पोराले पेटी तर येतेच, मग पियानो असाच येऊन जाईल ना?’ महाल, धरमपेठ, प्रतापनगर या भागांतल्या कितीतरी घरांत आजोबांची किंवा आईची पेटी असते आणि मुलांचे हात आरत्या, भजने व अलंकार वाजवून आधीच तयार झालेले असतात, तेव्हा हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही, कारण ते रोजच्या रियाजावर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र ‘निम्मे हो’ असे आहे.

आधी सोप्या निम्म्याविषयी. पट्ट्यांची मांडणी दोन्हीकडे एकच आहे: सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, त्या काळ्याही दोन आणि तीनच्या गटांत. पूर्ण पियानोवर ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, म्हणजे सात सप्तकांहून थोडे अधिक. पेटीवाल्या मुलाला पांढरी एक शोधायला सांगितले की ते दोन काळ्यांच्या गटाला लागून डावीकडची पट्टी डोळे झाकून दाखवते. तीच पाश्चात्त्य पद्धतीतली सी, आणि पियानोच्या साधारण मध्यावर येणारी सी म्हणजे ‘मिडल सी’. तिथून सा धरून पांढऱ्या पट्ट्यांवर सरळ वर गेले की आपला बिलावल थाट, म्हणजे सगळे शुद्ध स्वर, वाजतो आणि तोच सी मेजर, म्हणजे सीपासून सुरू होणारी मेजर स्केल (स्वरांची चढती रांग), असतो. फरक इतकाच, की आपला सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे काळी एकवर किंवा पांढरी चारवर सरकतो, तर सी आपली जागा कधी सोडत नाही. ज्या मुलांनी साथीला बसून वेगवेगळ्या पट्ट्यांत सा धरला आहे, त्यांना बाराही मेजर स्केल्स फार लवकर बसतात, असा माझा अनुभव आहे.

खरी अडचण आवाजाची आहे. नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्याच दिवशी एक पट्टी शक्य तितक्या सावकाश, अगदी तळापर्यंत दाबायला सांगते. पट्टी खाली जाते आणि आवाज मात्र येत नाही, तेव्हा पेटी वाजवणारे मूल हमखास वर पाहते, कारण पेटीवर असे कधी होत नाही. पेटीत पट्टी दाबली की झडप उघडते आणि भात्याची हवा सुरांना, म्हणजे त्या पितळी पात्यांना, थरथरवते. आवाजाचे लहानमोठेपण भाता सांभाळतो, बोट नव्हे. पियानोत पट्टीच्या दुसऱ्या टोकाला एक हातोडी असते. पट्टीच्या वेगाने ती तारेकडे फेकली जाते, तारेवर आपटते आणि लगेच मागे येते. पट्टी फार सावकाश गेली तर ती तारेपर्यंत पोचतच नाही. म्हणजे सूर लहान लागणार की मोठा, हे पट्टी खाली जाण्याच्या वेगावर ठरते, आणि हातोडी एकदा सुटली की त्या सुराचे बोटाला फारसे काही करता येत नाही. इटलीत फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास ही यंत्रणा बसवली, ती याच गरजेपोटी. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तारा छेडल्या जात असल्यामुळे बोटाच्या जोराने आवाजात जवळजवळ फरक पडत नसे.

यातून दुसरी गोष्ट निघते. पियानोचा सूर जन्मल्या क्षणापासून विरू लागतो. पट्टी दाबून ठेवली तर तारेवरची गादी उचललेली राहते आणि सूर थोडा वेळ टिकतो, पण पेटीसारखा एकसारखा भरलेला राहत नाही. पेटीची सवय असलेले मूल लांब सुरावर थांबते आणि सूर हातातून निसटल्यामुळे गोंधळून पट्टी आणखी जोराने दाबते. त्याचा उपयोग काहीच होत नाही. बोट आणि मनगट तेवढे दुखते. इथे जोर बोटाचा नव्हे, सैल सोडलेल्या हाताच्या वजनाचा हवा असतो, आणि हे शिकवायला मला इतर सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त वेळ लागतो. स्टुलाची उंची, कोपर पट्ट्यांच्या पातळीत, पाऊल जमिनीवर, कापलेली नखे, हे सगळे त्या वजनासाठीच.

मग डावा हात. वर्षानुवर्षे तो भाता हलवत आलेला असतो आणि पियानोपुढे बसल्यावर पहिले काही दिवस खरोखरच बेकार झाल्यासारखा मांडीवर पडून राहतो. त्याला उजव्याइतकेच काम द्यायचे, तेही वेगळे काम एकाच वेळी, ही पियानोची मोठी पायरी आहे, आणि तिला आडवाट नाही. बोटांना क्रमांक असतात, दोन्ही हातांचा अंगठा एक आणि करंगळी पाच. सी मेजर चढताना उजवा हात एक-दोन-तीन वाजवून अंगठा तळहाताखालून पुढे नेतो आणि मग एक ते पाच पूर्ण करतो. डावा पाचापासून एकपर्यंत येऊन मधले बोट अंगठ्यावरून पलीकडे टाकतो. ‘कोणत्याही बोटाने वाजवले तरी सूर तोच’ असे काही पालक म्हणतात. संथ गाण्यात ते खपूनही जाते, पण लय वाढली की तिथेच हात अडखळतो. म्हणून आधी उजवा, मग डावा, मग दोन्ही मिळून फक्त दोन मात्रा, याच क्रमाने मी शिकवते.

पियानोचे संगीत ज्या पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहितात, तिची भीती उगाच बाळगली जाते. पाच रेषांचे दोन संच असतात, वरचा बहुधा उजव्या हाताचा आणि खालचा डाव्याचा, आणि मिडल सी त्या दोहोंच्या मध्ये एका छोट्या रेषेवर बसते. त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारांच्या विभागांत मोजलेल्या मुलाला चार मात्रांचा बार, म्हणजे त्या लिपीतला एक विभाग, मोजणे जड जात नाही. फक्त सम आणि खाली शोधायची नाही, प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर वजन द्यायचे. पायाने दाबायचे उजवीकडचे पेडल तारांवरच्या सगळ्या गाद्या उचलून धरते. ते मी हात जुळल्याशिवाय वापरू देत नाही, कारण सगळे सूर एकमेकांत मिसळले की चुका झाकल्या जातात.

वाद्य कोणते घ्यावे, हे मात्र नागपूरच्या हवेचा विचार करूनच ठरवावे. खऱ्या पियानोत सुमारे २३० तारा असतात, त्यांचा एकत्रित ताण १५ टनांहून अधिक असतो आणि त्यांचा आवाज साउंडबोर्ड नावाच्या मोठ्या लाकडी फळीतून खुलतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा ते लाकूड आकसते आणि सूर उतरतो. पावसाळ्यात ते फुगते आणि सूर चढतो. आणि उन्हाळ्यात समोर कूलर लावला असेल तर कोरड्या हवेत ओल्या हवेचा झोत दिवसभर बसतो, हे सर्वांत वाईट. पियानो कूलरच्या तोंडासमोर आणि पश्चिमेच्या खिडकीजवळ कधीही ठेवू नये, आणि वर्षातून दोनदा ट्यूनिंग करून घ्यावे.

बहुतेक घरांसाठी ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकसष्ट पट्ट्यांचा हलका कीबोर्ड गाणी वाजवायला चांगला असला तरी वर सांगितलेले हाताचे वजन त्यावर शिकता येत नाही. दुकानात गेल्यावर त्यातले दोनशे आवाज ऐकत बसू नये. एकच पट्टी आधी हळू आणि मग जोरात वाजवून आवाजात आणि बोटाखालच्या वजनात फरक जाणवतो का, ते पाहावे, आणि सोबत पेडल मिळते का, ते विचारावे. कुणी जुना खरा पियानो स्वस्तात देत असेल, तर पैसे मोजण्याआधी ट्यूनरला, म्हणजे सूर जुळवणाऱ्या कारागिराला, दाखवून तारांच्या खुंट्या ताण धरतात की नाही, हे तपासून घ्यावे. मला ट्यूनर बाहेरगावाहूनच बोलवावा लागतो, तेव्हा त्याच्या येण्याजाण्याचा खर्चही किमतीत धरलेला बरा.