तुम्ही विचारलंत म्हणून : पक्के किती?

"सर, करारात पक्के पैसे कमी घेऊन बोनस जास्त ठेवावा, की बोनस सोडून देऊन पक्केच वाढवून मागावेत?"

वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी हा प्रश्न माझ्या टेबलावर येतो. मी सीए आहे, शुक्रवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. तरुणपणी कबड्डी खेळलो, त्यामुळे या ओळखीतून त्या ओळखीत करत खेळाडू येतात. खरं तर खेळाडू कमी, त्यांचे वडीलच जास्त. येतात रिटर्न भरायला आणि उठता उठता कापडी पिशवीतून कराराचा मसुदा काढतात. बाहेर कुणीतरी ताटकळत बसलेलं असतं, म्हणून दरवेळी अर्धंमुर्धं बोलून त्यांना वाटेला लावतो. आज जरा सविस्तर सांगतो.

मध्यंतरी भोरकडचे एक शेतकरी आले होते. मुलगा कबड्डीतला रेडर, म्हणजे चढाई करणारा, वय एकवीस. एका छोट्या लीगमधल्या संघाने त्याला देऊ केलेला करार गावात 'बारा लाखांचा' म्हणून गाजला होता. सही व्हायच्या आधीच एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागलेला. मध्ये पोरगा, खाली गॉगलवाल्या शुभेच्छुकांची रांग, आणि ठसठशीत अक्षरांत 'बारा लाखांचा मानकरी'. मी मसुदा वाचला. पक्के सहा लाख. ८० टक्के सामन्यांत पहिल्या सातात उतरला तर दोन लाख. हंगामात ५० गुण घेतले तर दोन. संघ अंतिम फेरीत गेला तर आणखी दोन. दुसऱ्या एका संघाचा निरोप होता साडेसात लाखांचा. सगळे पक्के, बोनस काही नाही.

वडिलांचं म्हणणं सरळ होतं. बारा मोठे की साडेसात?

मी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. पोरगा नवा, संघातला तिसरा रेडर. तो ८० टक्के सामने पहिल्या सातात असेल याची शक्यता फार तर निम्मी धरू, म्हणजे त्या दोन लाखांची आजची किंमत एक लाख. ५० गुण होतीलच असं नाही, तिसरा हिस्सा धरू, पासष्ट हजार. आठ संघांतले दोन अंतिम फेरीत जाणार, म्हणजे चौथा हिस्सा, पन्नास हजार. बेरीज सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर. सहा आणि सव्वादोन, सव्वाआठ. वडिलांचा चेहरा खुलला, कारण सव्वाआठसुद्धा साडेसातपेक्षा जास्तच. कागदावर बोनसवाला करार जिंकत होता, हे मीही नाकारलं नाही.

अडचण पुढेच आहे. या तीन अटी वेगवेगळ्या दिसतात, पण तिन्ही एकाच गुडघ्यावर उभ्या आहेत. पाचव्या सामन्यात पोराचा गुडघा फिरला की सामने गेले, सामने गेले की गुण गेले, आणि चांगला रेडर बाहेर बसला की संघाची अंतिम फेरीही लांबते. बोनस एकेक करून बुडत नाहीत, एकदमच बुडतात. आणि शेवटच्या पानावर, सह्यांच्या जरा वर, बारीक अक्षरात एक ओळ होती: संघाच्या डॉक्टरांनी तंदुरुस्त ठरवलं तरच उरलेले हप्ते मिळतील. म्हणजे ज्यांना आपण पक्के म्हणत होतो ते सहासुद्धा पक्के नव्हते. वडिलांनी ते पान उघडलंच नव्हतं. आकडे पहिल्या पानावर संपले होते ना.

तेव्हा मी त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. घरात दुसरा पगार आहे का? आणि या तीन अटींमधली तुमच्या पोराच्या हातात किती? पहिल्याचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं उत्तर त्यांनी जरा विचार करून दिलं: "एकबी नाय. उतरवायचा का नाय ते तर कोच ठरवणार."

यात माझा स्वतःचा एक जुना हिशेब मिसळलेला आहे, तो लपवत नाही. नव्वदच्या दशकात मी एका प्रायोजकाच्या संघातून खेळायचो. महिन्याला मानधन आणि हंगामात दहा सामने खेळलो की पाच हजार जादा. त्या वेळी पाच हजारांना किंमत होती. नऊ सामने झाले. दहाव्या सामन्याच्या सकाळी वॉर्म-अप करताना प्रशिक्षक खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज बस तू. गुडघा जपतोय तुझा." त्यानंतरचे दोन सामनेही बसलो. आता गंमत अशी की गुडघा दुखतोय हे आदल्या आठवड्यात मीच त्यांना सांगितलं होतं. त्यामुळे त्यांनी गुडघा जपला की मालकाचे पाच हजार, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांनाही कदाचित नीटसं माहीत नसेल. कराराने त्या माणसाला अशा जागी उभं केलं होतं की त्याने काहीही केलं असतं तरी मला संशय आलाच असता.

या संशयाची सोय मोठ्या खेळांनी आपापल्या परीने केली आहे. अमेरिकेच्या बेसबॉल लीगमध्ये करार सहसा पूर्ण पक्के असतात, आणि बोनस ठेवायचा तर तो किती होम रन मारले यावर ठेवता येत नाही. तसा नियमच आहे. किती सामने खेळला, किती वेळा फलंदाजीला आला, कोणतं पारितोषिक मिळालं, यावर ठेवता येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये उलटं. तिथे कराराचा मथळा प्रचंड, पक्का भाग त्यापेक्षा बराच कमी, आणि आकड्यांवर बोनस चालतो. २०२५ च्या जानेवारीत टॅम्पा बे संघाच्या माईक इव्हान्सला पास झेलून हंगामाचे हजार यार्ड पुरे करायला शेवटच्या चालीत पाच यार्ड हवे होते. सामना जिंकल्यातच जमा होता. अशा वेळी चेंडू घेऊन गुडघा टेकवायचा आणि घड्याळ संपू द्यायचं, ही रीत. त्यांनी पास टाकला, इव्हान्सने नऊ यार्ड काढले आणि तीस लाख डॉलरचा बोनस झाला. सगळा संघ नाचत मैदानात आला. बघायला फार छान वाटतं. पण स्कोअर बरोबरीत असता तर तीच चाल कुणासाठी खेळली गेली असती, हा प्रश्न मला सीए म्हणून नाही, खेळाडू म्हणून पडतो.

कबड्डीत तर हे रोज घडू शकतं. शेवटची दोन मिनिटं, आपण तीन गुणांनी पुढे. अशा वेळी चांगला रेडर काय करतो? आत जातो, बॉक लाइन, म्हणजे चढाई ग्राह्य धरायला ओलांडावी लागते ती रेषा, ओलांडतो, कोपऱ्यातल्या बचावपटूला हुलकावणी देतो, तीस सेकंद खातो आणि रिकाम्या हाताने परत येतो. रिकामी चढाई. गुणफलकावर त्याची नोंद शून्य, पण सामना तीच जिंकून देते. आता त्या रेडरचे ४९ गुण झालेत आणि पन्नासाव्यावर दोन लाख आहेत, असं धरा. तो रिकामा परत येईल? मी त्याच्या जागी असतो तर आलो असतो का, हे छातीठोक सांगता येत नाही. म्हणून कुणी गुणांवर बोनस ठेवला की मी तो सामन्यांच्या संख्येवर फिरवून मागायला सांगतो. बीसीसीआयनेही तेच केलं. २०२४ च्या मार्चमध्ये कसोटीसाठी जी प्रोत्साहन योजना जाहीर झाली, तीत हंगामातल्या ७५ टक्क्यांहून अधिक कसोट्या खेळणाऱ्याला १५ लाखांच्या सामनाशुल्कावर दर कसोटीमागे आणखी ४५ लाख आहेत. शतकामागे काही नाही, बळीमागे काही नाही. आणि ही योजना आणावी लागली याचं एक कारण हेच की दुसरीकडे आयपीएलचा पैसा पक्का आहे.

हो, पक्का. ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतला तेव्हा दोन जणांनी मला फोन करून विचारलं, की धावा नाही झाल्या तर कापून घेतात का? नाही घेत. बोलीची रक्कम ही त्या हंगामाची रक्कम. खेळाडू हंगामभर हजर असला तर बाकावर बसूनही तेवढीच. २०२५ पासून वर प्रत्येक सामन्याचे साडेसात लाख मिळतात, तो खेळण्याचा भाग. पक्क्या पैशाची किंमत काय असते ते पुणेकरांनी २०१८ मध्ये पाहिलंय. आपल्या केदार जाधवला चेन्नईने ७ कोटी ८० लाखांना घेतलं होतं. पहिलाच सामना, वानखेडेवर मुंबईविरुद्ध. मांडीचा स्नायू धरला, जखमी निवृत्त होऊन बाहेर गेला, नऊ गडी बाद झाल्यावर लंगडत परत आला आणि शेवटच्या षटकात एक षटकार, एक चौकार मारून सामना काढला. आणि तिथेच त्याचा हंगाम संपला. पुढे कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने गहुंज्याला आले, सगळं पुणं पिवळं झालं, आणि पुण्याचाच माणूस मैदानावर नव्हता. सामन्यामागे पैसे असते तर त्याची कमाई किती झाली असती? एका सामन्याची. कबड्डीत पवन सेहरावतचं २०२२ मध्ये तेच झालं: तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलेला रेडर पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर गेला. पुढच्या लिलावात त्याला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं ही गोष्ट वेगळी. पण तो पवन होता. एकवीस वर्षांच्या तिसऱ्या रेडरसाठी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुणी बोली लावत नाही.

संघमालकाची बाजू नाहीच असं नाही. अमेरिकन फुटबॉलमधल्या क्लीव्हलंड ब्राउन्सने २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनला पाच वर्षांचे २३ कोटी डॉलर दिले, शेवटच्या डॉलरपर्यंत पक्के. पहिल्या वर्षी ११ सामन्यांची बंदी, मग खांद्याची दुखापत, मग टाचेमागच्या अकिलीस स्नायुबंधाची. पैसे चालूच. त्या संघाचा हिशेब लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला आतून सहानुभूती आहे. आणि बॉबी बोनिया नावाचा बेसबॉलपटू २००१ मध्ये निवृत्त झाला, पण न्यूयॉर्क मेट्सकडून २०११ पासून दर १ जुलैला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर घेतोय, २०३५ पर्यंत घेणार आहे. देणं होतं ५९ लाख डॉलर. संघाने ते आठ टक्के व्याजाने पुढे ढकललं. अमेरिकेत यावर दरवर्षी विनोद होतात. आमच्या पेठेतल्या कुठल्याही पेन्शनराला सांगून बघा, तो हसणार नाही, आठ टक्के कुठे मिळतात ते विचारेल.

आपल्याकडे पक्क्याचा खरा अर्थ करारात नव्हताच कधी. जत्रेतली कुस्ती म्हणजे सगळाच बोनस. लहान पोरांना रेवड्या, मोठ्या जोडीला इनाम, बरोबरीत सुटली तर वाटून. पण इनामावर पैलवान उभा राहत नाही, खुराकावर राहतो, आणि खुराक रोज लागतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना पदरी ठेवलं, ते यासाठी. त्यांची गादी पुढे रेल्वे, पोलीस आणि बँकांच्या खेळाडू भरतीने चालवली. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक आणलं, राज्याने एक कोटी जाहीर केले, ते सगळ्यांनी वाचलं. त्याआधी नऊ वर्षं तो मध्य रेल्वेच्या पुणे विभागात नोकरीला होता, तिकीट तपासनीस म्हणून. एक कोटी हा बोनस. पदकापर्यंत पोहोचवलं ते एक तारखेच्या पगाराने.

भोरच्या वडिलांना मी साडेसात घ्यायला सांगितलं. ते घुटमळले. "फ्लेक्सवर बारा लागलंय सर," म्हणाले. मग साडेसातच्या मसुद्यातही शेवटचं पान काढून दोन गोष्टी घालून घेतल्या: मैदानावर झालेल्या दुखापतीत पूर्ण हप्ते, आणि तंदुरुस्तीवर मतभेद झाला तर दुसऱ्या डॉक्टरचं मत. संघाने एक दिवस कुरकुर केली आणि मान्य केलं. पोराने सही केली.

हंगाम झाला. पोराचा गुडघा ठणठणीत राहिला. तिसरा रेडर होता तो दुसरा झाला, जवळजवळ सगळे सामने खेळला, ६३ गुण घेतले. ज्या संघाला आपण नाही म्हणालो त्याच्याकडून एवढाच खेळला असता, तर अंतिम फेरी धरली नाही तरी दहा लाख होत होते. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण वडिलांनी सांगितलं. जुलैमध्ये रिटर्न भरायला आले, चहा घेतला, बशी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "अडीच गेले सर."

गेले, मी म्हणालो. मी काय सांगणार? लागलं नाही की विम्याचा हप्ता वायाच गेलेला दिसतो. सल्ला चुकला असं मला वाटत नाही, आणि बरोबर होता हे सिद्धही करता येत नाही.

मग त्यांनी पिशवीतून यंदाचा मसुदा काढला. नव्या संघाचा, सोळा पानी. माझ्याकडे द्यायच्या आधी चष्मा लावला, कागद उलटा केला आणि शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं.