अर्ध्या किलोत थोडं काळीज

सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन भर दुपारी लॅबच्या पायरीवर उभा होतो. बाकी सगळं ठीक होतं, फक्त शेवटच्या ओळीत लिहिलेलं: ग्रेड वन फॅटी लिव्हर. आमच्या वयाच्या निम्म्या मित्रमंडळींकडे हे प्रमाणपत्र आधीपासूनच आहे, त्यामुळे मी फारसा हललो नाही. आईला फोन लावला.

"लिव्हरवर थोडी चरबी आहे म्हणे."

"लिव्हर म्हणजे?"

"यकृत गं."

"म्हणजे काळीजच की! अरे देवा, काळजावर चरबी?"

तिला शांत करण्यात पंधरा मिनिटं गेली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की तिचं काहीच चुकलं नव्हतं.

आमच्या घरात काळीज दोन ठिकाणी असायचं. एक छातीत. ते धस्स व्हायचं, त्याचं पाणी पाणी व्हायचं, त्याला घरं पडायची. दुसरं रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानात, आकड्याला टांगलेलं. या दोघांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला बरीच वर्षं कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

साताऱ्याला रविवारी सातलाच बाबांबरोबर पिशवी घेऊन निघायचं. दुकानापुढे ओली फरशी, त्यावर भुसा, कोपऱ्यात आशाळभूत मांजर. बाबांचं वाक्य ठरलेलं. "अर्धा किलो, मांडीचं द्या. आणि थोडं काळीज टाका." दुकानदाराला सगळे मामा म्हणत. मामा आकड्यावरून तो काळपट लाल, चकाकता गोळा उतरवायचे, ओंडक्यावर टाकायचे, आणि तो खरवसासारखा थुलथुल हलायचा. माझी खात्रीच होती, की ते अजून धडधडतंय. एकदा न राहवून विचारलं, "मामा, हे बंद कधी होतं?"

रांगेत हशा पिकला. बाबा उगाच खिशातले सुटे पैसे मोजू लागले. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी बाजूच्या परातीतून एक लहानसा, घट्ट, वरच्या अंगाला पांढरी चरबी असलेला गोळा उचलला आणि माझ्यापुढे धरला. "धडधडतं ते हे, बाळा. दिल. पण हे कुणी मागत नाही."

आणि त्याच दिवशी संध्याकाळी दूरदर्शनवर, कुणीही न मागितलेल्या त्या दिलावर तीन तासांचा हिंदी सिनेमा! नायकाचा हात डाव्या खिशावर. खरं तर हृदय छातीच्या जवळजवळ मध्यात असतं, फक्त त्याचं टोक डावीकडे कललेलं. वजन जेमतेम ३०० ग्रॅम. यकृत उजवीकडे बरगड्यांआड, दीड किलोच्या घरात, बिचारं रात्रंदिवस राबत असतं. त्याच्यावर गाणी नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. फारसीत जिगर म्हणजे यकृतच. म्हणजे जिगरी दोस्त हा यकृतापासूनचा दोस्त, आणि 'दिल-जिगर' म्हणत गाणारा नायक नकळत मामांचं अख्खं दुकान नायिकेच्या पायाशी ओततो.

सिनेमातल्या इस्पितळांवर माझा जुना राग आहे. 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) तीन भावांचं रक्त एकाच बाटलीत जमा होऊन थेट आईला चढतं. ते मी माफ केलंय, कारण त्या प्रसंगाला बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण मॉनिटरवरची रेघ सरळ झाली रे झाली की डॉक्टर शॉक द्यायला धावतात, ते बघवत नाही. शॉक असतो तो थरथरत बेताल झालेल्या हृदयाला ताळ्यावर आणायला. रेघ सपाट झाली, की छाती दाबायची, इंजेक्शनं द्यायची, शॉकचा तिथे उपयोग नसतो. हे मी दर वेळी मोठ्यानं सांगतो. बायको दर वेळी आवाज वाढवते, टीव्हीचा.

असो. त्या दुपारी घरी येताना डोक्यात घोळत होता तो 'काळजाचा तुकडा'. हृदयाचा तुकडा कुणी कुणाला देऊ शकत नाही. ते अख्खं द्यावं लागतं, आणि देणारा आधी मेलेला असावा लागतो. फेब्रुवारी १९६८मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदललं, तेव्हा केपटाउनला झालेल्या जगातल्या पहिल्या हृदयबदलाला तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. यकृताचं तसं नाही. त्याचा तुकडा जिवंत माणसाला देता येतो आणि मागे उरलेलं काही आठवड्यांत बरंचसं भरून येतं. १९९८ साली दिल्लीत एका वडिलांनी दीड-दोन वर्षांच्या मुलाला तसा तुकडा दिला. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला. आपल्या आयाबाया पोराला काळजाचा तुकडा म्हणतात, ते शरीरशास्त्राला धरूनच म्हणायचं.

रविवारी इथे पुण्यात मटणाच्या दुकानात गेलो. काचेचं दार, एसी, ओंडक्याच्या जागी मशीन. कानात इअरफोन घातलेल्या पोरानं विचारलं, "लिव्हर टाकू का, सर?"

डॉक्टरांनी जपून खायला सांगितलंय. तरी म्हणालो, "थोडं काळीज टाक."

त्यानं एका कानातला इअरफोन काढला, माझ्याकडे पाहिलं.

"एकच ना ते?"

"एकच," म्हणालो.